संशोधन धोरणापर्यंत पोचताना कुठे सांडतं?

वाळूघड्याळ | सोमवार, रात्री ९.४०

परवा एका बैठकीत तोंड उघडलं आणि वाईट ठरले. शाळा सोडणाऱ्या मुलांसाठी काय करता येईल हे ठरवायला नेमलेली एक समिती आहे, मी तिच्यातली शेवटच्या खुर्चीवरची सदस्य. प्रस्ताव असा होता की वाया चाललेल्या मुलांना तुरुंग दाखवून आणायचा. कैद्यांनी आपली कहाणी सांगायची, मुलं टरकतील, सुधारतील, वर्गात परत येतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं, "याने गळती कमी होते याला काही पुरावा?" अध्यक्षांनी माझ्याकडे दयेने बघितलं. "मॅडम, हे उघड आहे हो."

उघड आहे, तिथेच तर गोम आहे. नेमकी हीच कल्पना अमेरिकेत न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगात १९७० च्या दशकात निघाली. जन्मठेपेचे कैदी मुलांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडायचे, आत काय काय होतं ते सांगायचे. १९७८ साली त्यावर निघालेला माहितीपट तुफान गाजला आणि देशभर नकला सुरू झाल्या. पुढे अँथनी पेट्रोसिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कार्यक्रमांच्या नऊ चाचण्या एकत्र करून तपासल्या. कोणती मुलं तुरुंगात न्यायची आणि कोणती नाही, हे या चाचण्यांमध्ये चिठ्ठीसारख्या पद्धतीने ठरलं होतं. निष्कर्ष असा की जाऊन आलेल्या मुलांच्या हातून पुढे न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे घडले. काहीच केलं नसतं तर बरं झालं असतं, अशातली गत. तरीही कार्यक्रम अनेक ठिकाणी चालूच राहिले.

हे सगळं बैठकीत सांगितलं. उत्तर आलं, "तिकडची मुलं वेगळी." विषय पुढच्या बैठकीवर गेला.

इथे शिक्षक, सरकारी नोकरीतले, सर्वेक्षणं करणारे असे बरेच जण आहेत म्हणून विचारते. पुरावा हाताशी असतानाही धोरण हलत नाही, ते नेमकं कुठे अडतं? तुमच्या डोळ्यांसमोर घडलेलं सांगा. आणि पुढच्या बैठकीत मी काय बोलू तेही सांगा, कारण आता गप्प बसवत नाही.


गोगलगाय | सोमवार, रात्री १०.०५

वाचनखूण साठवली. पण भीती घालून गुन्हे वाढतील कसे? कमी झाले नाहीत इथवर समजू शकते.


वाळूघड्याळ | सोमवार, रात्री १०.२०

चाचण्या "किती" ते सांगतात, "का" ते दर वेळी सांगत नाहीत. एक तर्क असा की कैदी त्या मुलांना भयंकर वाटण्याऐवजी दादा माणसं वाटली. दुसरा असा की बिघडू घातलेली मुलं एका गाडीत कोंबली की ती एकमेकांकडूनच शिकतात.


आकडेमोड | सोमवार, रात्री ११.३०

दुसऱ्या तर्काला जुना आधार आहे. थोडं सविस्तर लिहितो, कारण मला हा किस्सा धोरणावर बोलणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर असायला हवा असं वाटतं.

केंब्रिज आणि सॉमरव्हिल ही मॅसॅच्युसेट्समधली दोन शेजारची शहरं. डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या पुढाकाराने तिथे १९३९ मध्ये मुलांनी गुन्हेगारीकडे वळू नये म्हणून एक प्रकल्प सुरू झाला. मुलगे ५०६. वय, घरची स्थिती, स्वभाव बघून त्यांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीत नाणेफेक करून एकाला मदत द्यायची ठरली. मदत म्हणजे नुसता उपदेश नव्हे. समुपदेशक नियमित घरी जायचा, अभ्यास घ्यायचा, डॉक्टरकडे न्यायचा, उन्हाळी शिबिराला पाठवायचा. आणि हे सरासरी पाच वर्षं! आज कुठल्याही संस्थेचा असा प्रस्ताव आला तर आपण डोळे मिटून सही करू.

तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने ही माणसं शोधून काढली. तोवर ती प्रौढ, संसारी वगैरे झाली होती. मदत मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी सांगितलं की त्या प्रकल्पाचा आम्हाला फायदा झाला, काहींनी तर समुपदेशकाची प्रेमाने आठवण काढली. मग तिने न्यायालयाच्या, दवाखान्यांच्या आणि मृत्यूच्या नोंदी जोडून पाहिल्या. मदत मिळालेला गट कुठेच सरस नव्हता, उलट काही बाबतींत मागे होता. पुन्हा गुन्हा करणं, दारूचं व्यसन, गंभीर मानसिक आजार, लवकर मृत्यू या सगळ्यांत त्यांची बाजू पडती. हे १९७८ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्या विश्लेषणात दिसलं की नुकसान मुख्यतः एकाहून अधिक उन्हाळे शिबिराला गेलेल्या मुलांमध्ये होतं. म्हणजे तुमची एका गाडीत कोंबलेली मुलं.

मला यातली चटका लावणारी गोष्ट वेगळीच वाटते. नाणेफेक केली नसती तर हा प्रकल्प आज यशोगाथा म्हणून शिकवला गेला असता. लाभार्थी समाधानी, कार्यकर्ते तळमळीचे, फोटो सुंदर. तुलनेला दुसरा गट होता म्हणूनच कळलं.


शहाणा वेडा | मंगळवार, सकाळी ७.५०

सकाळी सकाळी नाणेफेक वाचून चहा कडू झाला. अहो, माणसं म्हणजे प्रयोगशाळेतले उंदीर नव्हेत. अर्ध्यांना द्यायचं, अर्ध्यांना मुद्दाम नाही द्यायचं आणि वर वही घेऊन बघत बसायचं, ही कुठली समाजसेवा? मदत चांगली असेल तर सगळ्यांना द्या, वाईट असेल तर कुणालाच नको.


आकडेमोड | मंगळवार, सकाळी ८.३५

चांगली की वाईट हे आधीच माहीत असतं तर भांडणच नव्हतं, शहाणेबुवा.

पण आक्षेप खरा आहे आणि त्यावर मला पटलेलं उत्तर मेक्सिकोचं आहे. १९९७ मध्ये तिथे 'प्रोग्रेसा' सुरू झाली. मुलं शाळेत पाठवा, दवाखान्यात तपासण्या करा, त्या बदल्यात आईच्या हातात रोख रक्कम. सगळ्या गावांत एकदम सुरू करण्याइतका पैसा आणि यंत्रणा सरकारकडे नव्हतीच, म्हणजे कुणीतरी मागे राहणार हे ठरलेलंच होतं. एरवी आधी कुणाचं गाव हे वशिल्याने ठरलं असतं, तिथे ते सोडतीने ठरलं. मूल्यमापनासाठी ५०६ गावं निवडली, त्यातल्या ३२० गावांना योजना आधी मिळाली, १८६ गावांना नंतर. कुणाच्या तोंडचा घास काढला नाही, फक्त रांग चिठ्ठीने लावली.

यामागे सान्तिआगो लेव्ही नावाचा अर्थतज्ज्ञ होता. त्याचं गणित राजकीय होतं. मेक्सिकोत राष्ट्राध्यक्ष सहा वर्षांनी बदलतो आणि नवा आला की जुन्याच्या योजना गुंडाळतो. म्हणून त्याने बाहेरच्या संस्थेकडून मूल्यमापन करून घेतलं. २००० मध्ये सत्ता दुसऱ्याच पक्षाकडे गेली, पण आकडे इतके बोलके होते की नव्या सरकारने योजना बंद करण्याऐवजी वाढवली. नाव मात्र बदललं. 'ओपोर्तुनिदादेस'. नाव बदलण्याचा मोह कुठल्याही सरकारला आवरत नाही, एवढं सार्वत्रिक सत्य मान्य करून पुढे जाऊ.


शहाणा वेडा | मंगळवार, सकाळी ९.१०

आणि २०१९ मध्ये तीच योजना बंद झाली, ते सोयीस्करपणे गाळलंत. तेव्हा कुठे गेले होते तुमचे बोलके आकडे?


आकडेमोड | मंगळवार, सकाळी ९.२५

गाळलं नव्हतं, टंकायचा कंटाळा आला. मान्य. बावीस वर्षं तगली, मग गेली. पुराव्याने योजनेला अमरपट्टा मिळतो असं मी कुठे म्हटलं?


निवृत्त टिपणीकार | मंगळवार, दुपारी ३.१५

नमस्कार. इथे वाचक म्हणून असतो, लिहीत नाही. पण विषय माझ्या उभ्या नोकरीचा आहे. खातं कुठलं ते सांगत नाही.

वाळूघड्याळताई, तुम्ही विचारलंत कुठे अडतं. मी तुम्हाला तो टेबलच दाखवतो. दुपारचे पाच वाजलेले असतात. साहेबांचा निरोप येतो की उद्या सकाळी अमुक विषयावर बैठक आहे, एक पानी टिपणी द्या. पार्श्वभूमी, सद्यस्थिती, आर्थिक भार, प्रस्ताव. एक पान म्हणजे एकच पान, दुसरं जोडलं तर पहिलंही वाचलं जात नाही. माझ्या मागच्या कपाटात त्याच विषयावरचे तीन अहवाल होते. सर्वांत लहान एकशे ऐंशी पानांचा. उघडला तर पहिली चाळीस पानं संशोधनपद्धती, आणि सारांशात लिहिलेलं: परिणाम संमिश्र आहेत, अधिक संशोधनाची गरज आहे. आता सांगा, टिपणीत मी काय लिहू? "संमिश्र" या शब्दावर कुठलाही मंत्री सही करत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. एका योजनेचा अभ्यास आम्हीच एका संस्थेला दिला होता. काम उत्तम झालं. पण अहवाल आला तेव्हा पुढच्या वर्षाची तरतूद होऊन चौदा महिने लोटले होते. तो मी स्वतः 'अवलोकनार्थ' असा शेरा मारून फाइलला लावला. अवलोकन कुणी केलं नाही, मीही नाही.

संशोधकांना वाटतं सरकारला सत्य नको असतं. काही वेळा नको असतंच, खोटं कशाला बोलू. पण माझ्या अनुभवात दहापैकी सात वेळा ते योग्य दिवशी, योग्य आकारात टेबलावर नव्हतं.


गोगलगाय | मंगळवार, दुपारी ३.४०

काका, लिहीत जा हो! 'अवलोकनार्थ' हा शब्द आता आयुष्यभर विसरणार नाही.


आकडेमोड | मंगळवार, संध्याकाळी ६.०५

टिपणीकारांच्या म्हणण्याला चाचणीचाच दुजोरा आहे. ब्राझीलमध्ये २,१५० नगरपालिकांवर एक अभ्यास झाला. करदात्यांना मुदतीआधी आठवणीचं पत्र पाठवलं की वसुली वाढते, हे संशोधन काही महापौरांना छोट्या सत्रात समजावून सांगितलं, बाकीच्यांना नाही. ज्यांना सांगितलं त्यांच्या पालिकांत असं पत्र वापरण्याचं प्रमाण १० टक्के-बिंदूंनी वाढलं, म्हणजे दर शंभरांत दहा पालिका जास्त. म्हणजे सांगितलं तर ऐकणारे आहेत.

पण लगेच उड्या मारू नका. अमेरिकेतल्या ३० शहरांच्या प्रशासनांनी नागरिकांना पाठवायच्या पत्रांच्या वगैरे स्वतःच करून घेतलेल्या ७३ चाचण्यांचा पाठपुरावा झाला. चाचणी त्यांचीच, निकाल त्यांच्याच हातात. तरी त्यातल्या फक्त २७ टक्के गोष्टी पुढे प्रत्यक्ष वापरात राहिल्या. निकाल किती जोरदार होता याचा त्याच्याशी फारसा संबंध निघाला नाही! फरक पडला तो भलत्याच गोष्टीने. आधीपासून जाणाऱ्याच पत्रात सुधारणा सुचवली असेल तर ती सुमारे दोन तृतीयांश वेळा टिकली. नवं पत्र सुरू करायचं असेल तर बारा टक्क्यांच्या आसपास.


निवृत्त टिपणीकार | मंगळवार, संध्याकाळी ६.५०

यात आश्चर्य कसलं? जुन्या पत्राचा मसुदा, टपालाचा खर्च, सही करणारा, जावक क्रमांक, सगळं ठरलेलं असतं. नव्या पत्रासाठी आधी 'हे पत्र कोणाच्या अखत्यारीत' इथून सुरुवात.


सुईदोरा | मंगळवार, रात्री १०.१०

वरच्या सगळ्या चर्चेत आकडे येतात कुठून याबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते. मी बरीच वर्षं दारोदार फॉर्म भरायचं काम केलं.

एका सर्वेक्षणात पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राबद्दल विचारायचं होतं. प्रश्न असा: "योजनेतून यंत्र मिळाले का? होय / नाही." पुढचा: "आपण समाधानी आहात का?" एका घरात बाईंनी दोन्हीला होय सांगितलं. मी उठता उठता सहज विचारलं, बघू कुठे आहे. त्यांनी माळ्यावरून खोका काढला. चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. म्हटलं, वापरत नाही? तर म्हणाल्या, "आतली वातीसारखी वस्तू संपली तर मिळत नाही म्हणे, मग सुरूच कशाला करायचं?" मग समाधानी कशा? त्या हसल्या. "तू उन्हातून आलीस, तुला नाही कशाला म्हणू?"

फॉर्ममध्ये दोन्ही 'होय' गेले. शेऱ्यासाठी जागा नव्हती. समासात पेन्सिलीने लिहिलं, 'खोका बंद'. ते कुणी संगणकात चढवलं असेल असं वाटत नाही.


आकडेमोड | मंगळवार, रात्री १०.४५

सुईदोरा, ही 'खोका बंद' नोंद म्हणजे अख्खा शोधनिबंध आहे. ओडिशात कमी धुराच्या चुलींचा अभ्यास झाला होता, त्यात हेच दिसलं. प्रयोगशाळेत चूल झकास. घरोघरी वाटल्यावर पहिल्या वर्षी श्वासात जाणारा धूर थोडा घटला, नंतर तोही फरक गेला. चुली नीट वापरल्या गेल्या नाहीत, मोडल्या, दुरुस्त झाल्या नाहीत. चार वर्षं मागोवा घेतला म्हणून हे कळलं. वर्षाच्या शेवटी अहवाल लिहिला असता तर यशस्वी.


शहाणा वेडा | बुधवार, सकाळी ८.००

आता मी तुमच्याच बाजूने एक हत्यार देतो, बघा कसं वाटतं. ताईंना अध्यक्ष म्हणाले, "तिकडची मुलं वेगळी." तुम्ही सगळे त्यांना हसलात. पण ते चूक आहेत का?


आकडेमोड | बुधवार, सकाळी ११.२०

नाहीत. म्हणजे तुरुंगाच्या बाबतीत तो बहाणा होता, पण प्रश्न म्हणून तो सर्वांत अवघड प्रश्न आहे.

तामिळनाडूत १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने बालपोषणाचा कार्यक्रम झाला. आयांना आहाराचं शिक्षण, कमी वजनाच्या मुलांना पूरक आहार. परिणाम चांगला. मग त्याच धर्तीवर १९९० च्या दशकात बांगलादेशात केला. तिथे फारसं हाती लागलं नाही. का? शिक्षण दिलं आईला, पण बाजारहाट करायचा पुरुष आणि ताटात कुणाला किती हे बऱ्याच घरांत ठरवायची सासू. आई परीक्षेत पास, पण पळी तिच्या हातात नाही. शिवाय मुलाला पूरक आहार मिळतोय म्हटल्यावर घरचा घास कमी झाला. नॅन्सी कार्टराइट या तत्त्वज्ञ बाईंनी हे उदाहरण फार नेमकं मांडलंय. 'तिथे चाललं' आणि 'इथे चालेल' या दोन वाक्यांच्या मधे एक अख्खी साखळी असते. तिची एक कडी इथे नसेल तर तिकडचा पुरावा कितीही पक्का असून उपयोग नाही.

दुसरं उदाहरण वर्गातल्या पटाचं. टेनेसी राज्यात १९८५ पासून मोठी चाचणी झाली. १३ ते १७ मुलांच्या छोट्या वर्गातली मुलं २२ ते २५ च्या वर्गातल्यांपेक्षा पुढे गेली. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये धडाक्यात राज्यभर पट कमी केला. इतके वर्ग वाढले की शिक्षक कमी पडले, पूर्ण पात्रता नसलेले घाईघाईने भरावे लागले आणि अपेक्षित फळ दिसलं नाही. चाचणी खोटी नव्हती. चाचणीत चांगले शिक्षक संपत नव्हते, राज्यभर करताना संपले.

आणि केनियाचं तर थेट टिपणीकारांच्या अंगणातलं. कंत्राटी शिक्षक नेमण्याची तीच योजना काही शाळांत स्वयंसेवी संस्थेने राबवली, काही शाळांत सरकारने. संस्थेकडे मुलांचे गुण वाढले. सरकारकडे शून्य फरक.


निवृत्त टिपणीकार | बुधवार, दुपारी १२.४०

अंगणात आलाच आहात तर बसा. सरकारकडे शून्य, कारण संस्था दहा शाळा बघते, आम्ही सगळ्या बघतो. संस्थेचा माणूस पगार उशिरा झाला तर फोन करतो. आमच्याकडे पगार उशिरा होणं हाच नियम.


गोगलगाय | बुधवार, दुपारी १.०५

मग सरकारी यंत्रणेत गेलं की सगळं मरतंच का? नकारार्थी वाचून वाचून जीव घाबरला. एखादं जगलेलं उदाहरण द्या की.


सुईदोरा | बुधवार, दुपारी २.३०

गडचिरोलीचं आहे ना. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेतली: वजन करणं, ऊब देणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं, औषध देणं. तुलनेला ४७ गावं होती. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालमृत्यूंचा दर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. कमी शिकलेल्या बायका इंजेक्शन देतात यावर गदारोळही झाला.

२०११ पासून देशभरात आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जातात, दवाखान्यात बाळंत झाली असेल तर सहा भेटी, घरी झाली असेल तर सात, ती पद्धत यातूनच आली. मी अशा भेटींची पाहणी केली आहे. काही आशाताई तराजूचा झोका नीट शून्यावर आणून मगच बाळ ठेवतात, बाळाचं अंग पोटाशी आणि पायाशी हात लावून बघतात. काही जणी दारातून विचारतात, "बरं आहे ना?" आणि फॉर्म भरतात. दोन्ही भेटी नोंदीत सारख्याच दिसतात.


आकडेमोड | बुधवार, दुपारी ३.००

१९९९ ते २०११. बारा वर्षं. आणि तरी हे वेगवान म्हणायचं.


शहाणा वेडा | बुधवार, संध्याकाळी ७.३०

तुमच्या लाडक्या नोबेलवाल्यांचं, म्हणजे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांचं, उदयपूरचं एक प्रकरण मी वाचलंय, ते कुणी काढत नाही. सरकारी नर्स उपकेंद्रात हजर नसतात म्हणून वेळेचा शिक्का मारणारी यंत्रं दिली, गैरहजेरीला पगारकपात ठेवली. सुरुवातीला हजेरी झपाट्याने वाढली. सोळा महिन्यांनी? फरक गायब. यंत्रं मोडली असंही झालं, पण खरी मेख वेगळीच. नर्सना 'सवलतीचे दिवस' मिळायला लागले. हजर नाही, पण गैरहजरही नाही. शिक्षा कागदावर शाबूत, पगार शाबूत, दवाखान्याला कुलूप. बोला.


निवृत्त टिपणीकार | बुधवार, रात्री ९.००

बोलतो. असे दिवस मीही मंजूर केले आहेत. उदयपुरात नव्हे, दुसऱ्या योजनेत, दुसऱ्या नावाने. कर्मचारी संघटनेचे लोक येऊन बसायचे, त्यांचंही खोटं नसायचं: बैठकीला बोलावता तुम्हीच, लसीकरणाला पाठवता तुम्हीच, मग केंद्रात हजर कसं राहायचं? म्हणून एक रकाना वाढवला, 'अन्य शासकीय काम'. दोन महिन्यांत त्या रकान्यात सगळंच मावायला लागलं. मला दिसत होतं. रकाना बंद करायचा तर भांडण माझ्या टेबलावर येणार, ठेवायचा तर कुणाचीच तक्रार नाही. ठेवला.

पुराव्याला विरोध करायला कुणी उभं राहत नाही हो. एक रकाना वाढवतात.


वाळूघड्याळ | बुधवार, रात्री ९.५५

टिपणीकारकाका, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. सोपं नव्हतं.

काल दिवसभर मी आमच्या कामाला लागू पडेल असं काही शोधत होते. फिलाडेल्फियात शाळेतल्या गैरहजेरीवर एक मोठी चाचणी झाली आहे, २८ हजारांवर कुटुंबं. पालकांना आपलं मूल किती दिवस बुडालं याचा अंदाज फार कमी असतो, एवढ्याच निरीक्षणावर ती उभी आहे. पालकांना वर्षभरात मधून मधून पत्र: तुमचं मूल आतापर्यंत इतके दिवस गैरहजर. बस. सतत गैरहजर राहणाऱ्यांचं प्रमाण १० टक्के किंवा त्याहून जास्त घटलं. 'इतर मुलं इतके दिवस आली' अशी तुलना घालूनही पाहिली, तिने आणखी काही भर पडली नाही. तुरुंगाच्या सहलीपुढे हे फारच मिळमिळीत वाटणार, ठाऊक आहे.

पण साखळी तपासायची म्हणजे: पत्र घरी पोचतं का, कुणी वाचून दाखवतं का, आणि वाचणाऱ्याच्या हातात मुलाला शाळेत धाडणं आहे का. पळी कुणाच्या हातात? ज्या घरातलं मूल कामाला जातं म्हणून बुडतं, तिथे पालकांना दिवस तोंडपाठ असतात. तिथे पत्राने काय होणार? काही नाही.


निवृत्त टिपणीकार | बुधवार, रात्री १०.१५

एकच विचारतो. शाळांकडून पालकांना सध्या काही पत्र जातं का?


वाळूघड्याळ | बुधवार, रात्री १०.२०

जातं. हजेरी कमी झाली की एक छापील नोटीस. 'आपल्या पाल्याची उपस्थिती समाधानकारक नसून योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.' दिवसांचा आकडा नाही.


निवृत्त टिपणीकार | बुधवार, रात्री १०.४०

मग झालं तुमचं काम. नवा उपक्रम म्हणून मांडूच नका. 'प्रचलित नोटिशीच्या मसुद्यात सुधारणा' या मथळ्याखाली घ्या. आर्थिक भार: निरंक. हा शब्द वाचला की माना आपोआप हलतात. आणि पहिल्या सहामाहीत निम्म्या शाळांत नवा मसुदा, निम्म्यांत जुना, हे त्याच परिपत्रकात लिहून घ्या. नंतर अभ्यास करू म्हणालात तर तुलनेला शाळाच उरणार नाही.


शहाणा वेडा | बुधवार, रात्री १०.५०

म्हणजे पुन्हा नाणेफेक. बरं, या वेळी मला हरकत नाही. जुनी नोटीस मिळणाऱ्याचं काही हिरावलं जात नाही, उलट नवीच काही वाईट करून बसली तर निम्मे वाचतील. फक्त कामावर जाणाऱ्या मुलांचं ताई म्हणाल्या ते विसरू नका. नाहीतर सरासरी सुधारेल, फोटो निघेल आणि ज्यांच्यासाठी समिती नेमली ती पोरं तिथेच.


सुईदोरा | बुधवार, रात्री ११.०५

त्यांची नोंद वेगळी ठेवायला गैरहजेरीच्या कारणाचा रकाना घाला. आणि शेऱ्यासाठी जागा ठेवा. मोठी.


आकडेमोड | बुधवार, रात्री ११.१०

शाळांच्या जोड्या लावायला मदत करतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. काय मोजणार हेही आधीच लिहून ठेवा. सहामाही संपल्यावर जो आकडा बरा दिसेल तो उचलायचा नाही.


वाळूघड्याळ | बुधवार, रात्री ११.३०

व्यनि केलाय. टिपणी आजच लिहायला बसते, एकच पान. बैठक सोमवारी. तुरुंगाच्या सहलीचं काय करू पण? अध्यक्षांचा जीव अडकलाय त्यात.


निवृत्त टिपणीकार | गुरुवार, सकाळी ६.४५

त्याला विरोध करू नका. 'सुरक्षेच्या दृष्टीने संबंधित विभागाचे अभिप्राय मागवावेत' एवढं सुचवा. अभिप्राय यायला वर्ष जातं, ही आमची यंत्रणा कधीतरी तुमच्याही उपयोगी पडू दे.

आणि शाळांच्या चिठ्ठ्या काढाल तेव्हा अध्यक्षांच्याच हाताने काढून घ्या. खाली त्यांची सही.